ढील

पाणी अकराव्या पायरीच्या खाली गेलं तेव्हा तळ्याच्या समितीने जाळी बंद केली. धक्क्यावरच्या खांबाला कागद चिकटवला होता. पाणी सहाव्या पायरीला लागेपर्यंत जाळं टाकायचं नाही, गळाला बंदी नाही. जाळ्या कोळ्याने तो दोनदा वाचला, सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून नीट चिकटवला आणि घरी आला.

जाळ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बापाला जाळ्या म्हणायचे म्हणून हाही जाळ्या.

"काय लिहिलंय?" बायकोने विचारलं.

"बसा म्हणतात."

"किती दिवस?"

"ते पाण्याला विचार."

"आणि गळाला बंदी नाही म्हणजे?"

"म्हणजे रिकामटेकड्यांना बंदी नाही."

त्याने ओसरीतली तिन्ही जाळी उतरवली, झटकली आणि पुन्हा तशीच टांगली. वाळलेल्या जाळ्यांतून बारीक खवले जमिनीवर पडले. त्याच्या आईने केरसुणी घेतली आणि ते गोळा केले.

बायकोला गावात चौकशी म्हणत. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिने सासूला विचारलं होतं, की मासे झोपतात का, झोपत असतील तर त्यांच्या पापण्या कुठे आहेत, आणि जाळ्याला शिशाचेच मणी का, दगड का नाहीत. सासूने हसतहसत शेजारी सांगितलं, शेजारणीने पुढे, आणि नाव चिकटलं. कुणी मायेने म्हणे, कुणी खवचटपणे. ती दोघांनाही ओ देई.

चौथ्या दिवशी जाळ्या वीटभट्टीवर गेला. लहानपणापासून ओल्या दोरीत वाढलेले हात. तळव्यांची कातडी मऊ, बोटांच्या पेरांवर मात्र दोरीचे कडक वळ. भट्टीतून काढलेल्या विटा अजून गरम असत. दुसऱ्या दिवशी तळव्यांवर फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. संध्याकाळी तो हात गार पाण्याच्या बादलीत घालून बसे आणि बायकोने काही विचारायच्या आत म्हणे, "काही नाही."

एका दुपारी ती डबा घेऊन गेली. विटांच्या थप्पीमागून तिला मुकादमाचा आवाज आला. मुकादम मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस.

"अरे जाळ्या, नीट धर की! मासा आहे का तो निसटायला?"

सगळे हसले. जाळ्याच्या डोक्यावर आठ विटा होत्या, नववी हातातून पडून दोन तुकडे झाली होती. तो वाकू शकत नव्हता आणि वर बघायला तयार नव्हता. ती थप्पीमागेच थांबली. हसू विरून फावड्यांचे आवाज पुन्हा सुरू झाल्यावर मोठ्याने खोकली आणि मग पुढे आली.

"आत्ताच आलीस?" त्याने विचारलं.

"आत्ताच."

त्याने डबा उघडला. भात आणि नुसतं पातळ वरण. आजवर त्या डब्यात मासा नाही असा दिवस क्वचितच गेला होता.

परत येताना ती तळ्याच्या कडेने आली. पाणी आटून मधोमध गेलं होतं. कडेचा चिखल वाळून त्याला चौकोनी भेगा पडल्या होत्या. पाणी सोडायच्या जुन्या दरवाजाच्या भिंतीपाशी मात्र डोह होता, तिथे अजून दोन पुरुष खोल पाणी होतं, आणि भिंतीवर टेलरमास्तर बसला होता.

मास्तरला सगळे ओळखत. चाळीस वर्षं बाजारात दुकान चालवलं, डोळे अधू झाले तेव्हा मशीन विकून मोकळा झाला. आता रोज गळाची काठी घेऊन इथे. गळ्यात मापाची फीत अजून तशीच. ती आजवर त्याच्याकडे पाहायची ती फक्त लांबून, नावेतून, जाळं ओढताना. नवरा म्हणायचा, "बघ, बसलाय बगळा." तीही हसायची.

ती जवळून चालली असताना काठीचं टोक वाकलं. मास्तर उठला नाही की ओरडला नाही. फिरकी जराशी सोडली, जराशी गुंडाळली, पुन्हा सोडली. बराच वेळ हे चाललं. मग त्याने पाण्यात हात बुडवून ओले केले आणि हातभर लांबीचा मासा अलगद बाहेर घेतला. गळ काढला. गळ्यातली फीत उतरवून माशाला लावली, काहीतरी पुटपुटला आणि मासा पाण्यात धरून राहिला. माशाचे कल्ले दोनतीनदा हलले. मास्तरने हात उघडले.

"अहो!" ती ओरडलीच. "अहो मास्तर, काय केलंत!"

मास्तर दचकला. "काय केलं?"

"दोन वेळचं जेवण होतं ते!"

"अठरा इंच," मास्तर म्हणाला, जणू तेच उत्तर होतं.

ती भिंतीवर बसलीच. तिला राग आला होता. "पोटाला लागत नाही तर त्याला त्रास कशाला देता? आणि तास तास उन्हात का बसता? घरी पंखा नाही का?"

"आहे ना. चांगला आहे."

"मग?"

मास्तरने गळाला नवीन गांडूळ लावलं. बोटं थरथरत होती, पण गळाशी पोचली की स्थिर होत. "पोरी, दुकानात गिऱ्हाईक समोरून यायचं. विजार की सदरा, कापड किती, कधी पाहिजे, सगळं आधी ठरलेलं. चाळीस वर्षं. इथे काय येतंय ते वर आल्याशिवाय कळत नाही."

"बस, एवढंच?"

"अजूनही काही असेल. मला कळलं की तुला सांगेन."

त्या उत्तराने तिचं समाधान झालं नाही. रात्रीच्या भाताला काही नव्हतं, हेही खरं होतं. ती उठली, दहा पावलं गेली आणि परत आली.

"मला शिकवाल?"

"सोडायला की धरायला?"

"धरायला. सोडायची चैन आम्हाला नाही."

मास्तरने फिरकी लावलेली जुनी काठी दिली, तंगूसाचा दोरा दिला, दोन गळ दिले. पहिले दोन दिवस तिने नुसती गांडुळं खाऊ घातली. दोऱ्यावरचा बुचाचा तुकडा बुडाला की ती जाळं ओढल्यासारखी दोन्ही हातांनी हिसका मारायची आणि रिकामा गळ डोक्यावरून मागे भिंतीवर आपटायचा.

"ओढू नकोस," मास्तर म्हणे. "जाळ्यात तू त्याला गुंडाळतेस. इथे तुझ्याकडे एक धागा आहे. ताणलास तर तुटेल. ढील दे. तो पळतोय ना, पळू दे. दमला की आपण."

तिसऱ्या दिवशी बूच बुडालं आणि तिने हिसका मारला नाही. काठीतून काहीतरी तिच्या मनगटात आलं. ओझं नव्हे ते. जाळ्याचं ओझं तिला माहीत होतं, ते खांद्यात आणि कंबरेत येई, ओल्या पोत्यासारखं. हे तसं नव्हतं. पलीकडे कुणीतरी होतं, त्याला डावीकडे जायचं होतं, आणि ते तिला कळत होतं. मासा वीतभरच निघाला. तिने तो पदरात गुंडाळला आणि घरापर्यंत जवळजवळ पळतच गेली.

सासूने मासा पाहिला, मग सुनेचं तोंड पाहिलं. "एवढ्याशा माशाला एवढं हसू?"

"आई, तो डावीकडे जात होता!"

"बरं," सासू म्हणाली आणि विळी घेतली.

रोज एखाददुसरा मासा घरात येऊ लागला. रश्शाला वास आला. जाळ्या जेवायचा, बोटं चाटायचा, पण मासा कुठून आला ते विचारायचा नाही. विचारलं असतं तर बायको गळ टाकून बसते हे त्याला मान्य करावं लागलं असतं. एकदा तिनेच विषय काढला.

"तुम्हाला कधी आवडलं का हो?"

"काय?"

"मासे धरणं."

तो घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. "हातोडीला कुणी विचारतं का, खिळा ठोकायला आवडतो का म्हणून?"

"तुम्ही हातोडी आहात का?"

"अगं, पहाटे उठायचं, गारठ्यात कंबरभर पाण्यात उतरायचं, ओढायचं, निवडायचं, बाजार गाठायचा. यात आवडायला वेळ कुठे आहे? आवड ती मास्तराची. तुझी."

शेवटचा शब्द जरा टोचून आला. तिने ताट उचललं.

त्या आठवड्याच्या शेवटी तिला मोठा मासा लागला. मास्तर त्या दिवशी डोळे दाखवायला गेला होता, भिंतीवर ती एकटीच. मासा भिंतीलगत खाली गेला आणि दगडासारखा बसून राहिला. तिने ढील दिली. तो हलला, तिने गुंडाळलं. तो पुन्हा बसला. ऊन एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं. हाताला मुंग्या आल्या, घाम डोळ्यांत उतरला, आणि ती मोठमोठ्याने त्याच्याशी बोलत होती: "जा बाबा, जा, कुठे जायचं ते जा, पण घरी जाऊ आपण." शेवटी ती चिखलात उतरली आणि त्याच्या कल्ल्यांत बोटं घालून त्याला उराशी धरून वर आली. त्याचा खालचा ओठ कधीतरी फाटून बरा झालेला होता आणि वरच्या ओठात दोन भोकं होती. हे काय असेल, याचा तिने रस्ताभर विचार केला.

तीन दिवस घर जेवलं. शेजारी वाटीभर गेलं. जाळ्यानेही न राहवून विचारलं, "डोहातला का?" आणि तिने मान हलवल्यावर म्हणाला, "तिथे जाळं पोचतच नाही. दगडात अडकतं."

मास्तर परतल्यावर तिने उत्साहाने सगळं सांगितलं. ओठांच्या भोकांपाशी ती आली तेव्हा मास्तरचे हात थांबले.

"खालचा ओठ फाटलेला? उजवीकडे?"

"हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

मास्तरने गळ्यातली फीत काढली, बोटावर गुंडाळली, उलगडली. "सत्तावीस इंच. गेल्या साली सव्वीस. त्याच्या आधी साडेचोवीस. तीनदा आला होता माझ्याकडे."

"मास्तर, मला माहीत नव्हतं हो. मी… घरात काही…"

"तू काही चूक केली नाहीस."

"मग बोलत का नाही?"

मास्तर डोहाकडे बघत होता. मग त्याने जे विचारलं ते तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"चवीला कसा होता?"

"काय?"

"चवीला. मी या तळ्यातला एकही मासा कधी खाल्लेला नाही. बायकोला घरात वास चालायचा नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली, पण अजून घरात वास येईल म्हणून भीती वाटते." तो थोडा हसला. "सांग ना. गोड होता का? मोठे मासे चिवट होतात म्हणतात."

ती भिंतीवर त्याच्या शेजारी बसली आणि तिने नीट सांगितलं. पाठीकडचं मांस घट्ट होतं, पोटाकडचं लोण्यासारखं. डोकं सासूने खाल्लं. रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागला. मास्तर ऐकत होता, मधेच प्रश्न विचारत होता, काटे कुठे असतात, गालात मांस असतं हे खरं का. नवऱ्यानेसुद्धा तिचं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने लहान माशाचा रस्सा डब्यात आणला. मास्तरने भिंतीवर मांडी घातली आणि खायला अर्धा तास लावला. एकेक काटा चिमटीत धरून त्याने रुमालावर ओळीने मांडला. "टाचण्या वेचायची सवय कामाला आली," तो म्हणाला. सगळं संपवून त्याने बोटांचा वास घेतला आणि हात धुतले नाहीत.

इकडे भट्टीवरचं काम संपत आलं होतं. मुकादम आपली टोळी लांबच्या मोठ्या भट्टीवर नेणार होता, वर्षभरासाठी. राहायला खोली देणार. त्याने जाळ्याला विचारलं, "बायको, आई, सगळ्यांना घे. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी घरी येतो, हो की नाही ते सांग."

घरात दोन दिवस तोच विषय. सासू म्हणाली, "समिती तळ्यातला गाळ काढायला माणसं घेतेय. पाटीवर काम आहे."

"ज्या पाण्यात नाव घातली त्याचा चिखल डोक्यावर वाहू? गावासमोर?"

"आणि विटा?"

"तिथे मला कुणी ओळखत नाही. तिथे मी जाळ्या नाही."

बायको विचार करत राहिली. लांबच्या भट्टीवर तळं असेल का? तिने विचारलं नाही. तोंडापर्यंत आलेला प्रश्न तिने गिळला, असं आयुष्यात प्रथमच झालं.

सुट्टीच्या सकाळी जाळ्या अंगणात नुसता बसून होता. ती काठी घेऊन निघाली तसा तो उठला. "चल, येतो. नाव बघून घेतो, कुणाला तरी द्यावी लागेल."

नाव चिखलात तिरकी पडली होती. त्याने तिला एक फेरी घातली, कडेवर हात फिरवला आणि मग काही सुचेना म्हणून भिंतीपाशी आला. मास्तर जरा सरकला. जाळ्या उभाच राहिला.

"बसा," मास्तर म्हणाला.

"बगळे पुरेसे आहेत," जाळ्या म्हणाला. मास्तर खोखो हसला. ते नाव त्याला केव्हापासून माहीत होतं.

तिने गळ टाकला आणि काठी नवऱ्याच्या हातात दिली. "जरा धरा. मला पाणी प्यायचंय."

पाण्याची बाटली तिच्या पायाशीच होती. ती सावकाश प्यायली. जाळ्याने काठी खांबासारखी धरली होती, फोड आलेल्या हातांत आखडून. तेवढ्यात बूच गेलं. डुगडुगलं नाही, तिरकं झालं नाही, सरळ खाली गेलं. काठी वाकून पाण्याला टेकली.

"ओढू नका!" ती ओरडली. त्याने ओढलं. तंगूस कुंईं करून वाजला.

"सोडा! सोडा! ढील द्या!"

"काय सोडू? जाईल तो!"

"जाऊ द्या! जाऊ द्या म्हणजे येईल!"

हे वाक्य त्याला कळलं नसावं, पण त्याने अंगठा उचलला. फिरकी घरघरत सुटली. मासा डोहाच्या पलीकडे निघाला, लांब, आणखी लांब. जाळ्याचं तोंड उघडं राहिलं.

"हा… हा काय आहे?"

"बघा ना," मास्तर हळूच म्हणाला. "बघा काय आहे."

जाळ्या भिंतीवरून उतरला. चिखलात घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मग मांडीभर पाण्यात. तो गुंडाळत होता, सोडत होता. त्याला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. आयुष्यभर पाण्यात उभं राहिलेलं अंग आपोआप वळत होतं, मासा डावीकडे गेला की कंबर डावीकडे. "आला… नाही… अरे, हा खाली बसला! बसलाय बघ! लबाड आहे!" तो कुणाशी बोलत होता कोण जाणे. एकदा पाणी फुगलं आणि रुंद, काळपट पाठ वर आली, दारातल्या पायपुसण्याएवढी, आणि परत खाली गेली. तिघंही एकदम ओरडले.

मग तंगूस तुटला. आवाज फारसा झाला नाही. काठी सरळ झाली, एवढंच.

जाळ्या मांडीभर पाण्यात उभा होता, हातात सरळ काठी. आता तो काठी फेकेल, असं तिला वाटलं. तो वळला. चेहऱ्यावर चिखलाचे शिंतोडे होते आणि तो हसत होता. बारा वर्षांच्या संसारात भरलेल्या जाळ्यावर, चांगल्या बाजारावर, कशावरच तो असा हसलेला तिने पाहिला नव्हता.

"गेला!" तो म्हणाला. "अगं, गेला! पाहिलास का कसा गेला?"

संध्याकाळी घरी भात आणि वरण. मासा नाही. जाळ्याने जेवणभर तोच विषय चालवला. पाठ एवढी. नाही, एवढी. सासू ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुझा बापही असाच. घरी आणलेल्या माशाबद्दल त्याने कधी अवाक्षर काढलं नाही. सुटलेले मात्र सगळे मला पाठ आहेत."

"बाबांनी डोहात कधी पाहिला होता का असा?"

"तूच विचारायचं होतंस त्याला, तो होता तेव्हा. आता सुनेसारखा चौकशा करायला लागलास."

दारात मुकादम आला. चपला काढल्या नाहीत. "हं, जाळ्या, काय ठरलं? गाडी सकाळी निघते."

"या, बसा. अहो, तुम्ही तळ्याकडून आलात का?"

"नाही. का?"

"आज डोहात एक लागला होता मला. गळाला. दोरा तोडून गेला." जाळ्याने हात पसरले. उजव्या तळव्यावरचा फोड पुन्हा फुटला होता, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. "पाठच एवढी होती."

"हात्! एवढा या तळ्यात नाही."

"हिला विचारा. मास्तरला विचारा."

मुकादमाने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. मुकादम उंबऱ्यावर टेकला.

"मी येत नाही, मुकादम," जाळ्या म्हणाला. "समितीच्या गाळावर जातो. पाटी तर पाटी. दुपारनंतर मोकळा असतो माणूस."

ती हातातलं भांडं ठेवायला विसरली. सासूने डोळे मिटले आणि उघडले.

"बरं," मुकादम म्हणाला. पुढे तो काही सुनावेल म्हणून सगळे थांबले. पण त्याने चपला काढल्या, पाय आत घेतले आणि मांडी घातली.

"दोरा कुठे तुटला? गळापाशी, का मधेच?"